लेकराला डी. फार्मला घालावे काय?



या पानावर मी एरवी कपाशीची बोंडअळी, सोयाबीनची बीजप्रक्रिया, नाही तर तुरीचा मर रोग यांबद्दल लिहीत असतो. आज जरा वेगळ्या पेरणीबद्दल लिहावयाचे आहे. बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांत जो प्रश्न निघतो, त्याबद्दल.

मृगाच्या आधीची गोष्ट. मानवतच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानापुढे मी उभा होतो. ओळखीचे एक शेतकरी गाठ पडले. साडेचार एकर जमीन, निम्मी कपाशी, निम्म्यात सोयाबीन आणि तूर. माणूस कष्टाळू, कर्जाला भिऊन असणारा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, लेकरू बारावी सायन्स पास झालं. मार्क काही फार नाहीत. एक जण म्हणतो डी. फार्मला घाला. दोन वर्षांत सर्टिफिकेट हातात येतं, ते एखाद्या मेडिकलवाल्याला भाड्यानं दिलं की घरबसल्या पैसे चालू. सीट पक्की करून देतो म्हणतो. त्याला द्यायला रस्त्याकडचं एक एकर काढावं का?"

मी म्हणालो, "आप्पा, एकर काढायचं राहू द्या. आधी चहा घेऊ."

त्या चहावर जे बोलणे झाले ते येथे जरा विस्ताराने लिहितो आहे, कारण असा सल्ला देणारे लोक गावोगाव फिरत असतात आणि रस्त्याकडचे एकर पुष्कळांचे असते.

हे काम नेमके कोणते?

आम्ही लहान असताना डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असे. बाटली घरून न्यावयाची, त्याने लाल औषध भरून द्यावयाचे आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवावयाची. एक खाच म्हणजे एक डोस. तो बहुधा कामावरच शिकलेला असे. आता ते दिवस गेले. औषधे कारखान्यात तयार होऊन पाकिटात येतात. म्हणून पुष्कळांना वाटते की पाकीट काढून द्यावयाला शिक्षण कशाला हवे?

कायदा तसे मानीत नाही. आपल्या देशाचा फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. त्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचे काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच करावयाचे असते. दुकानाला परवाना मिळतो तो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली, आणि तेथेही औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखाली विकावे अशी अट आहे. आपल्या कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, तशी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून द्यावयाची नाहीत अशा औषधांच्या पाकिटावर लाल रेघ असते. त्या रेघेचा अर्थ कळणारा आणि ती पाळणारा माणूस म्हणजे फार्मासिस्ट.

इंग्लंड-अमेरिकेत 'फार्मसी टेक्निशियन' म्हणून एक वेगळा कामगार असतो. तो फार्मासिस्टच्या हाताखाली गोळ्या मोजतो, साठा लावतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून त्यालाही नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे मात्र पदविका घेऊन नोंदणी झालेला मुलगा स्वतःच फार्मासिस्ट असतो, त्याच्यावर जबाबदारी पूर्ण असते. पण याच कारणाने आपली पदविका तिकडे फार्मासिस्ट म्हणून चालत नाही. अमेरिकेत त्यासाठी डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी लागते. तेव्हा "डी. फार्म करा आणि परदेशी जा" असे कोणी सांगत असेल तर त्याचा चहा पिऊन उठावे.

कपाटातल्या इंजेक्शनची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचे सांगतो. कपाशी छातीला लागली होती. एका गावच्या शिवारात फवारणी करणारा मजूर भरदुपारी सरीतच कोसळला. अंगाला घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक. मी त्या दिवशी त्याच शिवारात होतो. औषधाचा डबा बरोबर घेतला, मजुराला दोघांच्या मध्ये धरून मोटारसायकलवर बसवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. डॉक्टरांनी डब्यावरचे नाव वाचून ॲट्रोपिन मागितले. हे इंजेक्शन अशा विषबाधेत एकदा देऊन भागत नाही, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा द्यावे लागते. तेथील औषधनिर्माण अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी कपाट उघडले आणि पुरेसा साठा काढून समोर ठेवला. मजूर सावरला, मग पुढे परभणीला नेला, आणि पंधरा दिवसांनी चालत घरी आला.

नंतर मी बाईंना विचारले, "इतका साठा कसा होता?" त्या म्हणाल्या, "सर, इथं कपाशी आहे, फवारणीचा हंगाम येणार हे काय मला माहीत नाही? मी जूनमध्येच मागणीपत्र जादाचं पाठवलं होतं. सर्पदंशाच्या लसीचंही तसंच करते."

गावाने डॉक्टरांचे आभार मानले, ते योग्यच झाले. पण जूनमधल्या त्या मागणीपत्राची आठवण कोणाला राहिली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ते वाचले तेव्हा मला त्या बाईंचे कपाट आठवले. फार्मासिस्टचे काम असे असते, चालू असते तोवर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

शिक्षण कसे असते?

डी. फार्म म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिक व रसायन हे विषय आणि त्याबरोबर जीवशास्त्र किंवा गणित घेऊन पास झालेल्या मुलामुलींना ती करता येते. अभ्यासक्रम भारतीय फार्मसी परिषद ठरवते. सध्याचे नियम २०२० सालचे आहेत. दोन वर्षे वर्गातले व प्रयोगशाळेतले शिक्षण, त्यानंतर निदान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. या ५०० पैकी निदान २५० तास खऱ्याखुऱ्या चिठ्ठ्यांवरची औषधे देण्यात गेले पाहिजेत.

पहिल्या वर्षी औषधे कशी बनतात, त्यांचे रसायन, वनस्पतींपासूनची औषधे, शरीररचना, आणि समाजाच्या आरोग्याचा विषय असतो. दुसऱ्या वर्षी औषधांचे शरीरावरील परिणाम, रोगानुसार उपचार, दुकानाची व रुग्णालयाची फार्मसी, जीवरसायन आणि कायदा. पुस्तके आणि पेपर इंग्रजीत. तेव्हा बारावीला रसायन आणि इंग्रजी या दोन्हींत अडखळलेल्या मुलाला हे सोपे जाईल अशा भ्रमात राहू नये. मेहनत केली तर जमते. आपली पुष्कळ लेकरे ते करून दाखवतात.

आपल्या राज्यात परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. प्रवेश बारावीच्या गुणांवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात. पत्रव्यवहाराने किंवा घरबसल्या केलेली डी. फार्म परिषद मानत नाही. "कॉलेजला यायची गरज नाही, हजेरी आम्ही बघतो" असे सांगणारे कॉलेज म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे समजावे.

पास झाले की मुंबईच्या महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणीवाचून पदविकेचा कागद दुकानात कामाचा नाही. शिवाय नोंदणीच्या आधी एक निर्गम परीक्षा द्यावी, असे नियम २०२२ साली झाले. तीन पेपर, प्रत्येकात निदान ५० टक्के गुण. अशी पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. आपल्या लेकराच्या वर्षाला ती कशी लागू आहे, आणि कॉलेज तिची तयारी करून घेते काय, हे प्रवेशाच्या आधीच विचारून घ्यावे. पुढे शिकण्याची इच्छा असेल तर डी. फार्म झालेल्याला बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ही वाट चांगली आहे.

नोकरी कोठे मिळते?

आधी सरकारी. सपाट भागात साधारण ३० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांना एक, असे मान आहे. केंद्रात औषधनिर्माण अधिकाऱ्याची जागा असते, तशी ग्रामीण रुग्णालयात व जिल्हा रुग्णालयात असते. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण एका तालुक्यात अशा जागा किती असणार? बोटांवर मोजाव्या इतक्याच. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या सर्व जिल्हा परिषदांची मिळून १९,४६० पदांची जाहिरात निघाली होती. त्यात ग्रामसेवकापासून आरोग्यसेवकापर्यंत सगळी पदे होती आणि औषधनिर्माण अधिकारी हे त्यातले एक. परीक्षेला पदविकेवाले आणि पदवीवाले एकत्र बसतात. म्हणून सरकारी नोकरीसाठी अभ्यास जरूर करावा, मात्र तिच्या भरवशावर जमीन विकू नये.

दुसरे ठिकाण म्हणजे खाजगी दुकाने आणि दवाखाने. मानवत, पाथरी, सेलू, परभणी येथे जागोजाग मेडिकल आहेत. पण आता शिकलेली मुलेही पुष्कळ झाली आहेत. २०१९ साली भारतीय फार्मसी परिषदेनेच नवी कॉलेजे काही वर्षे थांबवावीत असा ठराव केला होता. तो ठराव कायद्यात बसत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवले आणि नव्या कॉलेजांची वाट मोकळी झाली. मोंढ्यात आवक वाढली की भावाचे काय होते हे तुम्हाला मी सांगावयास नको. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. तो किती, हे कॉलेजच्या पत्रकात पाहू नका. तीन दुकानांत आणि एका दवाखान्यात स्वतः जाऊन विचारा.

तिसरे, मोठ्या शहरातली रुग्णालये, दुकानांच्या साखळ्या, घाऊक औषधविक्री, कंपनीचे प्रतिनिधी. औषधाच्या कारखान्यातही काम मिळते, पण तेथे देखरेखीच्या जागा बहुधा पदवीधरांकडे जातात.

चौथे, स्वतःचे दुकान. किरकोळ विक्रीला निदान १० चौरस मीटर जागा, औषधे थंड ठेवावयास फ्रीज, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, आणि दुकान उघडे असेल तोवर फार्मासिस्ट हजर. काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे व सवय लावणारी औषधे यांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेत स्वस्त औषधांचे केंद्र काढता येते, त्यालाही फार्मासिस्ट लागतो.

गावच्या दुकानात दोन खड्डे आहेत. पहिला उधारीचा. "कापूस गेला की देतो" हे वाक्य कृषी सेवा केंद्रात चालते तसे मेडिकलमध्येही चालते, आणि आजारी माणसाला नाही म्हणवत नाही. दुसरा खड्डा डॉक्टरकीचा. गावात डॉक्टर नसतो, लोक म्हणतात, "तूच दे बाबा काहीतरी." ताप आला की दोन दिवसांचे प्रतिजैविक, कंबर दुखली की स्टेरॉइडची गोळी. असे देणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच भावकीचे नुकसान आहे. अर्धवट फवारणीने अळी जशी चिवट होते, तसेच अर्धवट प्रतिजैविकाने जंतूंचे होते.

भाड्याचे सर्टिफिकेट

आता आप्पांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या भावकीतले सांगतो.

माझ्या चुलतभावाचा मुलगा डी. फार्म झाला. हुशार होता. एका शहरातल्या दुकानदाराने त्याचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीला लावले आणि दरमहा ठरलेली रक्कम घरी पाठवू लागला. मुलगा गावी मोकळा. मीही तेव्हा काही बोललो नाही. घरात पैसा येतो आहे, आपण कशाला तोंड घालावे, असे वाटले. ती माझी चूक झाली.

तिसऱ्या वर्षी तपासणी आली. दुकानात फार्मासिस्ट नाही, विक्रीच्या नोंदी अपुऱ्या, आणि सगळ्या कागदांवर नाव आमच्या पोराचे. दुकानदाराचा परवाना काही काळ बंद झाला, मग त्याने दुसरे प्रमाणपत्र शोधले. नोटीस मात्र आमच्या दारी आली. मुलाने उत्तर दिले, माफी मागितली, निभावले. पण त्याहून मोठे नुकसान पुढे कळले. एका रुग्णालयात मुलाखतीला गेला तेव्हा साध्या प्रश्नांची उत्तरे येईनात. तीन वर्षांत हातून एकही चिठ्ठी गेलेली नव्हती. शिकलेले सगळे गंजून गेले होते. रात्री माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी फार्मासिस्ट आहे असं कुणाला सांगायची लाज वाटते." नंतर त्याने एका दुकानात थोड्या पगारावर पहिल्यापासून सुरुवात केली. आज बरे चालले आहे, पण ती तीन वर्षे परत मिळाली नाहीत.

कायद्याप्रमाणे गैरवर्तनाबद्दल फार्मासिस्टचे नाव नोंदवहीतून काढूनही टाकता येते. २०१२ च्या सुमारास महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना "दुकानात फार्मासिस्ट दाखवा" अशी राज्यभर तपासणी झाली होती, तेव्हा दुकानदारांनी बंदही पुकारला होता. अशी लाट पुन्हा कधी येईल ते सांगून येत नाही. आणि तपासणी आली नाही तरी दुसरी गोष्ट उरतेच. त्या दुकानातून चुकीची गोळी गेली आणि कोणाच्या आईचे बरेवाईट झाले, तर भिंतीवर नाव आपल्या लेकराचे असते.

पैशाचा हिशेब

केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्तीच्या सोयी मिळतात. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त व इतर मागास वर्गांच्या वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ठरावीक वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ झाले आहे. या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावयाचे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व वैधता, अधिवासाचा दाखला हे कागद निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच काढून ठेवावेत. सीट पक्की करून देणाऱ्याच्या हाती पैसे दिले तर पावती मिळत नाही, आणि केंद्रीय फेरी सोडून घेतलेल्या प्रवेशाने या सवलतीही हातच्या जाऊ शकतात.

कॉलेज पाहावयास स्वतः जा आणि पाच गोष्टी विचारा. भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता या वर्षासाठी आहे काय? शिक्षक रोज येतात काय? प्रयोगशाळेत मुले काम करताना दिसतात काय? ५०० तासांचे प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात वा दुकानात होते? गेल्या वर्षी पास झालेली मुले आज कोठे उभी आहेत? पाचव्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात विचारू नका, त्या मुलांनाच गाठून विचारा. छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कराड येथे शासनाची औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आहेत. गुण बरे असतील तर पसंतीक्रम भरताना शासकीय जागा आधी पाहाव्यात.

मग आप्पांनी काय केले?

मी आप्पांना एवढेच सांगितले की लेकराला प्रवेशाच्या आधी आठ दिवस एखाद्या मेडिकलमध्ये उभे करा. ओळखीच्या दुकानदाराला विनंती केली. मुलाने औषध कोणाला द्यावयाचे नाही, फक्त खोकी उचलावयाची, मुदतीच्या तारखा पाहून रचावयाची आणि बघावयाचे.

नवव्या दिवशी बापलेक दोघे कार्यालयात आले. मुलगा म्हणाला, "साहेब, पाय लई दुखतात. पण एक आजी आल्या होत्या, दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन. दोन्हीत एकच गोळी वेगळ्या नावानं होती. फार्मासिस्ट मॅडमनी ओळखलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते मला शिकायचंय."

आप्पांनी केंद्रीय फेरीचा अर्ज भरला. एकर शाबूत आहे, यंदा त्यात तूर पेरली आहे.

तुमच्या घरीही असे लेकरू असेल, मुलगा असो की मुलगी, तर त्याला एकच विचारा. दिवसभर उभे राहून लोकांची चिठ्ठी नीट वाचावयाची तयारी आहे काय? असेल तर हे शिक्षण चांगले आहे, जरूर द्या. नुसते सर्टिफिकेट हवे असेल तर ते पैसे विहिरीच्या मोटारीला लावा, निदान पाणी तरी येईल.

पुढच्या खेपेस सोयाबीनवरील खोडमाशीबद्दल लिहीन. पेरणी झाल्यावर दहाव्या दिवसापासून रोपे उपटून, खोड चिरून पाहण्याची सवय ठेवा.

कळावे.